हातभर जास्तीची केबल

इंजिन बसलेलं असतं, गिअरबॉक्स जुळलेला असतो, दिवे लागतात, चाकं फिरतात. किरकोळ कामांच्या यादीत ‘हँडब्रेक’ एवढा एक शब्द उरलेला असतो. जुन्या गाडीतून काढून ठेवलेली केबल घेऊन माणूस गाडीखाली शिरतो आणि केबल हातभर लांब निघते. ब्रिटनमध्ये घरच्या गॅरेजात स्वतःची गाडी बांधणाऱ्यांच्या वाट्याला हा प्रसंग हटकून येतो. जास्तीची आहे ना, मग कापून टाकू, हा पहिला विचार. कापायला मिनिटभर पुरतं. पण कुठे कापायची, किती कापायची आणि कापलेल्या टोकाला काय लावायचं, हे ठरवायचं तर सव्वाशे वर्षांपूर्वीची एक युक्ती नीट समजून घ्यावी लागते.

आधी हा छंद कुठून आला ते थोडक्यात. १९५७ साली कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने ‘सेव्हन’ नावाची गाडी काढली. पोलादी नळ्यांचा सांगाडा, वर अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा, दोन माणसांची जागा, छप्पर नावापुरतं. त्या काळी ब्रिटनमध्ये तयार मोटारीवर खरेदी कर लागे आणि सुट्या भागांच्या संचाला त्यातून सुटका मिळे. म्हणून गाडी खोक्यांत भरून विकायची आणि गिऱ्हाइकाने ती घरी जोडायची, असा व्यवहार सुरू झाला. जोडणीच्या सूचना सोबत दिल्या तर कर लागेल, म्हणून गाडी सुटी कशी करावी याच्या सूचना देत आणि गिऱ्हाईक त्या शेवटाकडून वाचत जाई, असा किस्सा सांगतात. १९७३ मध्ये खरेदी कर जाऊन व्हॅट आला आणि ही पळवाट बुजली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. छंद मात्र टिकला. १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांचं, अवघ्या २५० पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार बांधायला शिकवणारं पुस्तक हेन्स प्रकाशनाने काढलं. इंचभराच्या चौकोनी नळ्या आणायच्या, वेल्डिंग शिकायचं आणि जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे भाग त्यात बसवायचे, असा तो मामला. या गाड्यांना ‘लोकॉस्ट’ हे नाव पडलं. पुढे एस्कॉर्ट दुर्मिळ आणि महाग झाल्या, तेव्हा लोकांनी मोर्चा फोर्ड सिएराकडे आणि नंतर माझ्दाच्या एमएक्स-५ कडे वळवला. २५० पौंडांत गाडी पुरी झालेला माणूस शोधून सापडणं कठीण, पण त्या आकड्याने बऱ्याच जणांच्या हातात वेल्डिंगची बंदूक दिली हे खरं.

आता केबल लांब का पडते ते पाहू. सिएराच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर साधारण २६०० मिलिमीटर. मूळ सेव्हनचं ८८ इंच, म्हणजे सुमारे २२३५ मिलिमीटर. हा फरकच फूटभरापेक्षा जास्त आहे. पण खरी गोम बसण्याच्या जागेत आहे. सिएरात हँडब्रेकचा दांडा पुढच्या दोन सीटांच्या मध्ये असतो, त्याच्या मागे तिघांचं बाकडं आणि त्यानंतर मागची चाकं. सेव्हनच्या घराण्यात मागचं बाकडं नाहीच. चालकाची पाठ जवळजवळ मागच्या आसालाच टेकलेली असते. दांडा त्याच्या मांडीशी येतो आणि तिथून चाकापर्यंतचं अंतर मूळ गाडीच्या मानाने फारच थोडं उरतं. चार-पाच माणसांच्या कुटुंबासाठी मापलेली केबल दोघांच्या गाडीत आली, तर ती लोंबणारच.

आता सुरुवातीला म्हटलेली ती जुनी युक्ती. १८९६ साली लंडनमध्ये अर्नेस्ट मॉनिंग्टन बोडन या गृहस्थांनी एका यंत्रणेचं पेटंट घेतलं. (रॅले सायकल कंपनीचे संस्थापक फ्रँक बोडन वेगळे. आडनाव एकच असल्यामुळे या शोधाचं श्रेय अनेकदा त्यांना देऊन टाकलं जातं.) त्याआधी हाताची ओढ दूरच्या ब्रेकपर्यंत न्यायची तर लोखंडी दांड्या आणि खिट्ट्या लागत. आपल्याकडच्या जुन्या, उंच, काळ्या सायकलींवर असे दांड्यांचे ब्रेक आजही दिसतात. दांडी सरळ रेषेतच काम करते. वळण आलं की तिथे एक खिट्टी, एक पिन आणि एक कुरकुर वाढते. बोडन यांनी पोलादी तार एका लवचिक नळीत घातली. नळी म्हणजे घट्ट गुंडाळलेल्या तारेचं स्प्रिंगसारखं वेटोळं. ती हवी तशी वाकते, पण लांबीत दाबली जात नाही. आतली तार ओढली की बाहेरची नळी तितक्याच जोराने दोन्ही टोकांच्या आधारांवर दाबते. ओढ आतून जाते, दाब बाहेरून परततो. सायकलचा ब्रेक, स्कूटरचा क्लच, ट्रॅक्टरचा थ्रॉटल, सगळीकडे हीच रचना आहे. गॅरेजमध्ये आतल्या तारेला इनर आणि बाहेरच्या नळीला आऊटर म्हणतात. आपणही तेच शब्द वापरू.

म्हणजे केबलला एक लांबी नसून दोन आहेत, आणि ब्रेकला कळतो तो फक्त त्यांतला फरक. इनर आऊटरच्या बाहेर किती उरतो, यावर ब्रेक लागणार की नाही हे ठरतं. आऊटर किती लांब आहे याच्याशी ब्रेकला कर्तव्य नाही. त्यामुळे ‘केबल लांब आहे’ या तक्रारीत दोन वेगळे आजार लपलेले असू शकतात. एक असा की आऊटर लांब आहे, म्हणून तो दोन सीटांमधल्या बोगद्यात कुठेतरी फुगतो, चेसिसला घासतो, एक्झॉस्टला टेकतो. दुसरा असा की आऊटर जागेवर नीट बसलाय, पण इनर ढिला आहे आणि दांडा शेवटपर्यंत ओढला तरी चाक फिरतंय. दुसऱ्या आजाराला काहीच कापावं लागत नाही. आऊटरच्या टोकाशी, तो जिथे कंसाला टेकतो तिथे, एक नळीचा तुकडा घातला की आऊटर तेवढा लांब होतो आणि इनर आपोआप तेवढा आखूड. सायकलच्या हँडलजवळचा तो पिळायचा स्क्रू हेच करतो. इनर ढिला झाला म्हणून थेट इनर कापायला घेणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना नंतर नवी केबल विकत आणतानाही पाहिलं आहे.

पहिला आजार असेल तर आऊटर आणि इनर दोन्ही सारख्याच मापाने कमी करावे लागतात. इथे कोणीतरी हमखास विचारतं की कापायचं कशाला, जास्तीची केबल गोल गुंडाळून सीटमागे बांधून ठेवली तर काय बिघडलं? दोन्ही लांब्यांमधला फरक तसाच राहतो, ब्रेक लागतो, मग हरकत कसली?

हरकत घर्षणाची आहे. भाऊच्या धक्क्यावर लाँच लागते तेव्हा खलाशी दोराचे दोन-तीन वेढे लोखंडी खुंटाला घालतो आणि एका हाताने शेपूट धरून अख्खी लाँच थोपवतो. त्याच्या हातात तेवढी ताकद नसते. दोर आणि खुंट यांच्यातलं घर्षण वेढ्यागणिक गुणाकाराने वाढत जातं. ऑयलर आणि आयटेलवाइन या दोघांच्या नावाने ओळखलं जाणारं सूत्र नेमकं हेच मांडतं. दोर एकूण किती अंशांत वळला आणि घर्षणाचा गुणांक किती, या दोनच गोष्टींवर ओढीचं नुकसान ठरतं. खुंट जाडा की बारीक, याला त्या सूत्रात स्थान नाही. धक्क्यावर घर्षण खलाशाचं मित्र असतं. केबलमध्ये तेच घर्षण ओढ खातं.

आकडे घालून बघू. हाताने दांड्यावर २० किलोची ओढ दिली आणि दांड्याच्या रचनेमुळे ती सातपट झाली असं धरू. केबलवर १४० किलो आले. दोन चाकांत वाटले की प्रत्येकी ७०. घर्षणाचा गुणांक ०.१५ धरू. आतून प्लास्टिकचं अस्तर असलेल्या चांगल्या केबलमध्ये तो याहून कमी असतो, जुन्या गंजक्या केबलमध्ये जास्त. केबल दांड्यापासून चाकापर्यंत एकूण ९० अंशांत वळत असेल, तर ७० किलोंतले साधारण ५५ पोचतात. एकूण वळण १८० अंश झालं तर ४४. आणि त्या ९० अंशांच्या मार्गात एक पूर्ण वेटोळं घातलं, म्हणजे वळण ४५० अंशांचं झालं, तर चाकापाशी पोचतात जेमतेम साडेएकवीस किलो. दोनतृतीयांशाहून जास्त ओढ केबलनेच गिळली. वेटोळं मोठं, प्रशस्त ठेवलं तरी हिशेब फारसा बदलत नाही, कारण अंश तेवढेच राहतात. मोठ्या वळणाचा फायदा इतकाच की इनरच्या तारा कमी थकतात आणि आऊटर मुरगळत नाही. हेच गणित उलटही वापरता येतं. केबल आखूड करण्याचा खरा लाभ वजन किंवा टापटीप यांचा नाही, वळणं कमी होण्याचा आहे. मापं घ्यायच्या आधी केबलचा मार्ग असा आखावा की एकूण वळण कमीत कमी होईल. एखादा कंस दोन इंच सरकवून ३० अंश वाचत असतील तर कंस सरकवावा, वेल्डिंग पुन्हा करावं लागलं तरी.

एवढी ओढ लागते तरी कशासाठी, तेही पाहू. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आयोगाच्या १३-एच क्रमांकाच्या नियमानुसार, हाताच्या दांड्यावर ४०० न्यूटनपेक्षा, म्हणजे साधारण ४१ किलोंपेक्षा जास्त जोर न लावता, भरलेली गाडी २० टक्के चढावर थांबून राहिली पाहिजे. २० टक्के म्हणजे पाच मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. सेव्हनच्या जातीची गाडी दोन माणसांसह ७५० किलोंची धरली, तर अशा चढावर गुरुत्वाकर्षण तिला सुमारे १४७ किलोंच्या ओढीने मागे खेचतं. ब्रिटनच्या वार्षिक एमओटी तपासणीत हँडब्रेकची एकूण रोधशक्ती गाडीच्या वजनाच्या किमान १६ टक्के लागते, आणि ब्रेकचं सर्किट एकेरीच असेल तर २५ टक्के. हलक्या गाडीला हे काही अवघड नाही. तरीही घरी बांधलेल्या गाड्या इथे अडतात, आणि कारण बहुतेक वेळा केबलच्या मार्गातच सापडतं.

मग हायड्रॉलिक हँडब्रेक का लावत नाहीत? रॅलीच्या गाड्यांत तो असतो, दिसायला झोकदार, जोडायला सोपा, केबलची कटकट नाही. पण ब्रिटिश कायद्याला गाडी उभी करून ठेवण्याचा ब्रेक थेट यांत्रिक दुव्यानेच लागलेला राहायला हवा असतो. मध्ये तेल, हवा किंवा वीज चालत नाही. यामागे साधं शहाणपण आहे. तेलाचा दाब रात्रभरात सीलमधून हळूच निसटू शकतो, गार झाल्यावर उतरू शकतो. ताणलेली तार आणि दातात अडकलेला खटका सकाळीही तसेच असतात. मागे डिस्क ब्रेक असतील तर तापलेली डिस्क गार होताना आकसते आणि पकड थोडी सैल पडते, म्हणून दांडा एक खटका जास्त ओढावा आणि गाडी गिअरमध्ये टाकून सोडावी, हे जाणकार आवर्जून सांगतात.

आता प्रत्यक्ष कापणी. पहिला प्रश्न टोकाचा. चाकाकडचं टोक कारखान्याने विशिष्ट आकारात बनवलेलं असतं. ब्रेकच्या आतल्या पट्टीत अडकणारा गोळा किंवा आकडा, धूळ-पाणी अडवणारी रबरी टोपी, पाठीमागच्या पत्र्यात फिट बसणारी आऊटरची कॉलर. ते घरी पुन्हा बनवणं कठीण आहे, म्हणून त्याला हात लावायचा नाही. कापायचं ते दांड्याकडे. सिएरात इथे एक वेगळेपण आहे. एकच लांब इनर एका चाकापासून निघतो, दांड्याखालच्या अर्धगोल खोबणीतून वळतो आणि दुसऱ्या चाकाकडे जातो. खोबणीमुळे दोन्ही बाजूंना ओढ आपोआप सारखी वाटली जाते. ही केबल आखूड करायची तर मधोमध कापून तिच्या दोन केबली करायच्या आणि दोन्ही नवी टोकं एका छोट्या आडव्या पट्टीला जोडायची. पट्टी मध्यावर दांड्याच्या सळीला पिनने लटकलेली असली पाहिजे, म्हणजे एक बाजू आधी ताणली गेली तर पट्टी तिरकी होऊन दुसरीला ओढ देते. ही पट्टी वेल्ड करून पक्की करण्याचा मोह होतो. तसं केलं तर एकच चाक अडतं आणि तपासणीच्या रोलरवर गाडीचं बिंग फुटतं.

माप घेताना घाई नको. आधी ब्रेकचे शू त्यांच्या स्वतःच्या ॲडजस्टरने ड्रमपर्यंत नीट आणून ठेवायचे, दांडा पूर्ण खाली, आणि केबलचा ॲडजस्टर जवळजवळ पूर्ण सैल. शू दूर असताना माप घेतलं तर शूचा ढिलेपणा केबल खेचून भरून काढला जातो. मग चाकातली पट्टी कधी विश्रांतीच्या जागी परतत नाही आणि ड्रममधला स्वयंचलित ॲडजस्टर कामच करत नाही. केबलचा ॲडजस्टर सैल ठेवायचा कारण नवी किंवा नव्याने टोक बसवलेली केबल पहिल्या काही दिवसांत थोडी लांब होते. तारा एकमेकींत बसतात, आऊटरची वेटोळी जुळतात. ती आखूड कधीच होत नाही. ती लांबी भरून काढायला आटे शिल्लक हवेत.

दुसरी खबरदारी सस्पेन्शनची. एस्कॉर्टच्या अखंड आसालाची गाडी जॅकवर चढवली की आसाल खाली लोंबतं, खड्ड्यात आदळली की वर येतं. केबलचं एक टोक चेसिसवर आणि दुसरं या हलणाऱ्या आसालावर. इथेच बोडन यांची युक्ती कामी येते. आसाल हललं तर आऊटरची कमान बदलते, इनर आणि आऊटर यांच्यातला फरक बदलत नाही, म्हणून खड्ड्यात गाडी आपोआप ब्रेक लावत नाही. मात्र हे तोवरच, जोवर आऊटरमध्ये कमान शिल्लक आहे. हातभर जास्त आहे म्हणून हातभर कापली आणि आऊटर ताठ झाला, तर आसाल खाली जाताच तो कंसातून उपटला जाईल. म्हणून माप गाडी चाकांवर उभी असताना घ्यायचं, मग आसाल दोन्ही टोकांच्या स्थितींत नेऊन पुन्हा तपासायचं, आणि ताठ होण्याआधीची सैल कमान ठेवूनच खूण करायची. जुन्या मिस्त्रींचा याहून सोपा उपाय म्हणजे एखादी टाकाऊ केबल किंवा बागेतली नळी त्या मार्गावर आधी बसवून बघायची.

आऊटर कापायला पक्कड चालत नाही. पकडीने वेटोळी चेपतात, तोंड आत दुमडतं आणि त्या धारेवर इनर दर ओढीला कापला जातो. ग्राइंडरवर पातळ कटिंग डिस्क लावून, थांबत थांबत कापावं, कारण आतलं नायलॉनचं अस्तर उष्णतेने वितळून इनरला चिकटतं. इनर आधी मोकळा करून बाहेर काढता आला तर उत्तम. कापलेलं तोंड काटकोनात घासायचं, अणकुचीदार टोच्याने अस्तराचं भोक पुन्हा गोल करायचं आणि वर धातूची टोपी बसवायची. टोपीशिवायचं तोंड कंसावर टेकलं तर भाराखाली वेटोळी फाकत जातात, आणि मग आऊटर ‘दाबला जात नाही’ हे गृहीतच कोसळतं.

इनर कापताना तो उलगडतो. ४९ तारांचा दोर असेल, म्हणजे ७ पेडी आणि प्रत्येक पेडीत ७ तारा, तर क्षणात त्याचा खराटा होतो. खुणेच्या दोन्ही बाजूंना टेप किंवा बारीक तांब्याची तार घट्ट गुंडाळून मधोमध कापायचं.

आता टोक. या कामात सगळ्यांत जास्त मतभेद इथे आहेत, आणि माझं मत मी लपवणार नाही. एक पद्धत डागाची. पितळी निपलला एका बाजूने शंकूसारखं रुंद तोंड असतं. इनर त्यातून काढून टोकाच्या तारा फुलासारख्या फाकवायच्या, तेल काढून स्वच्छ करायच्या, झिंक क्लोराइडचा फ्लक्स लावायचा आणि वितळलेल्या कथलात बुडवायच्या. गार झाल्यावर फाकलेल्या तारांचा आणि कथलाचा शंकू निपलमधून निसटू शकत नाही. मोटारसायकलच्या क्लचला पिढ्यानपिढ्या हे चालत आलं आहे. पण ‘जास्त मजबूत होईल’ म्हणून चांदीच्या डागाने किंवा पितळेच्या ब्रेझिंगने तीच तार जोडली तर उलटा परिणाम होतो. इनरच्या तारेची ताकद तिला थंड अवस्थेत खेचून बारीक केल्यामुळे आलेली असते. शिसे-कथलाचा डाग १८० ते २०० अंशांच्या आसपास वितळतो, तेवढ्याने तिला काही होत नाही. चांदीच्या डागाला ६०० अंशांहून जास्त लागतात, आणि तेवढ्या उष्णतेत ती कमावलेली ताकद निघून जाते. जोड टिकतो आणि जोडाशेजारची तार तुटते.

दुसरी पद्धत यू-क्लॅम्पची. इनरचा फास करून दोन नटांनी आवळायचा. स्वस्त, सोपी, आणि तंबूच्या ताणदोराला ठीक. भाराखाली दोर किंचित बारीक होतो, नट सैल पडतात, तारा चेपतात. एका स्क्रूने दाबून बसवायचे सायकलचे निपलही याच पंगतीतले. तात्पुरती गाडी हलवायला ते वापरावेत, चढावर कोणाच्या तरी दारासमोर गाडी सोडून जायला नव्हे.

तिसरी पद्धत, आणि हँडब्रेकसाठी मला पटणारी, म्हणजे दाबून बसवलेला आटेदार पोलादी रॉड. इनर रॉडच्या पोकळ टोकात घालतात आणि हायड्रॉलिक प्रेसने ते टोक चहूबाजूंनी इतकं दाबतात की धातू तारांच्या फटींत शिरतो. नीट केलेला असा जोड जवळजवळ दोराइतकाच भार पेलतो. तीन मिलिमीटर जाडीचा दोर सुमारे अर्ध्या टनाला तुटतो. आपल्या हिशेबात एका बाजूवर ७० किलो आले होते, म्हणजे शिल्लक भरपूर आहे. शिवाय रॉडला आटे असल्यामुळे ॲडजस्टर आयताच मिळतो. अडचण एवढीच की हातोडीने किंवा व्हाइसमध्ये दाबून हे होत नाही. त्यासाठी योग्य डाय लागतात. ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडेही, नमुना दिला की त्या मापाची केबल करून देणारे कारागीर आहेत. चाकाकडचं मूळ टोक ठेवून फक्त दुसरं टोक ते दाबून देतात. घरी सगळं स्वतःच करायचं हा या छंदाचा अभिमान मान्य, पण या एका जोडासाठी अभिमान थोडा बाजूला ठेवला तर बिघडत नाही.

कुठल्याही पद्धतीने टोक बसवलं तरी ते पिनवर मोकळं फिरलं पाहिजे. दांडा वर येताना त्याचं टोक कंसात फिरतं. केबलचं टोक ताठ बसवलं तर इनर दर वेळी जोडाच्या तोंडाशी वाकतो आणि तिथेच एकेक तार तुटत जाते. हे तुटणं बाहेरून दिसत नाही. एक दिवस दांडा हलका लागतो, बस्स.

महाराष्ट्रात हा छंद करू पाहणाऱ्याची अडचण केबलच्या आधी कायद्यात सुरू होते. ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी करून तिला नोंदणी देण्याची पद्धत आहे. सध्याची आयव्हीए तपासणी २००९ पासूनची. गाडीच्या भागांचं वय नक्की ठरत नसेल तर नंबरप्लेट ‘क्यू’ अक्षराने सुरू होते. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलांत बदल करायला मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ कडकच लावला. त्यामुळे इथली घरची गाडी बहुधा अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वर्कशॉपमध्ये, ‘बाहा’सारख्या विद्यार्थी स्पर्धेसाठी जन्मते आणि रस्त्यावर न येताच निवृत्त होते. इनर, आऊटर आणि वळणांचं गणित मात्र तिथेही सुटत नाही. थ्रॉटलची केबल अडकण्यामागे बहुतेक वेळा तेच असतं.

केबल बसवल्यावर पहिली परीक्षा घरीच घ्यायची. जोडाच्या तोंडाशी, अर्धी रॉडवर आणि अर्धी इनरवर येईल अशी रंगाची रेघ मारायची. दांडा पूर्ण ताकदीने दहा-बारा वेळा ओढायचा. रेघेचे दोन भाग एकमेकांपासून सरकले असतील तर जोड घसरतोय. तो कापून पुन्हा करायचा, आवळत बसायचं नाही. नंतर मागची चाकं उचलून दांडा पूर्ण सोडायचा. दोन्ही चाकं मोकळी फिरली पाहिजेत. एक खटका, दोन खटके ओढत जाताना दोन्ही चाकं साधारण एकाच वेळी घासायला लागली पाहिजेत, आणि चार ते सहा खटक्यांत ब्रेक पक्का बसला पाहिजे. दहाव्या खटक्याला लागत असेल तर इनर अजून सैल आहे. दुसऱ्याच खटक्याला दांडा ताठ होत असेल तर जास्त आवळलंय आणि शू सतत घासत असणार. लॉकनट घट्ट करून गाडी खाली घ्यायची, एखाद्या खऱ्या चढावर आधी तोंड वर करून आणि मग तोंड खाली करून उभी करायची, मदतनिसाला चाकामागे दगड घेऊन बसवायचं आणि पायाचा ब्रेक हळूच सोडायचा. दोनतीनशे किलोमीटर झाले की पुन्हा गाडीखाली शिरून रेघ बघायची आणि ॲडजस्टरचे एकदोन आटे आवळायचे.